पठ्ठे बापूराव : एक विलक्षण जीवन

लोणी स्टेशनवर गाडीची वाट पाहताना शेजारच्या आजोबांशी सहज बोलणे निघाले. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी त्रिनिदादचा कार्निव्हल आपलासा करून रस्त्यावर कसा आणला, हे सरांनी वर्गात सांगितले होते. तेच मी त्यांना सांगत होतो. ऐकता ऐकता आजोबांना वडिलांच्या तोंडून ऐकलेला पठ्ठे बापूरावांचा तमाशा आठवला. आपल्या पिढीला मात्र हा शाहीर केवळ नावापुरताच ठाऊक आहे.

बापूरावांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 1866 सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचा. घरी गावचे कुलकर्णीपण. दप्तर सांभाळले असते तर आयुष्य मानाने गेले असते. पण हा तरुण ढोलकीच्या नादाने खेचला गेला. महार-मांगांच्या फडात बसणारा ब्राह्मण त्या काळी कोणाला सहन होणार? त्यांना जातीला मुकावे लागले. पण त्यांनी फड सोडला नाही.

पुढे संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली. महार समाजात जन्मलेल्या या कलावतीच्या रूपाने आणि गळ्याने बापूरावांच्या लावण्या घरोघर पोहोचल्या. मुंबईची थिएटरे या जोडीने गाजविली. ‘मिठाराणी’चा वग छत्रपती शाहू महाराजांपुढे झाला. गण, गवळण, लावणी, वग या साऱ्यांत बापूरावांची लेखणी सारख्याच सहजतेने चालली.

परंतु वैभव टिकले नाही. पवळेची साथ सुटली, पैसा ओसरला. 22 डिसेंबर 1945 रोजी पुण्यात विपन्नावस्थेत या शाहिराने देह ठेवला. पाच वर्षांनी, 1950 साली, त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला!

बापूरावांचा त्याग मोठा खराच. पण एक विचार मनातून जात नाही. बापूरावांनी जातीची प्रतिष्ठा सोडली ती स्वखुशीने. पवळेला मात्र जातीची हीनता सोडू म्हटले तरी सुटणारी नव्हती. फडात दोघे शेजारी उभे राहिले, तरी फडाबाहेर समाजाने दोघांना वेगवेगळ्या मापानेच मोजले. लावण्यांवर नाव राहिले शाहिराचे. ज्या गळ्याने त्या गाजल्या तो गळा विस्मरणात गेला. बापूरावांचे स्मरण करायचे तर पवळेचेही केले पाहिजे. त्यावाचून ते पुरे होणार नाही.