अॅल स्मिथ : धर्मद्वेषी प्रचाराला सामोरे गेलेले श्रद्धावंत

निवडणुका जवळ आल्या की उमेदवाराचे काम मागे पडते आणि त्याचा धर्म चर्चेत येतो, हा अनुभव जगाला नवा नाही. १९२८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविणाऱ्या एका कॅथॉलिक नेत्याला हा अनुभव फार कटू स्वरूपात आला. त्या अॅल स्मिथ यांच्या जीवनाची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ यांचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजी न्यू यॉर्कमधील लोअर ईस्ट साइड या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. वडील घोडागाडीने मालाची ने-आण करीत. अॅल सेंट जेम्स धर्मग्रामाच्या शाळेत शिकले आणि तेथील चर्चमध्ये वेदीसेवक झाले. ते बारा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले व लवकरच त्यांना शाळा सोडावी लागली. पुढे फुल्टन मासळी बाजारात आठवड्याला १२ डॉलर मजुरीवर राबून त्यांनी घराला हातभार लावला.

१९०३ साली ते न्यू यॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. २५ मार्च १९११ रोजी शहरातील ट्रँगल वस्त्र कारखान्याला आग लागून १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्यानंतर नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाचे स्मिथ उपाध्यक्ष होते. त्यांनी कारखाने प्रत्यक्ष पाहिले आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे संमत करून घेण्यात पुढाकार घेतला. १९१८, १९२२, १९२४ आणि १९२६ अशा चार वेळा जनतेने त्यांना गव्हर्नरपदी निवडून दिले.

त्या काळात कु क्लक्स क्लॅन ही संघटना कृष्णवर्णीय, यहुदी व कॅथॉलिक यांच्याविरुद्ध विष पसरवीत होती. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव सुमारे एका मताच्या फरकाने फेटाळला गेला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतदानाच्या १०३ फेऱ्या झाल्या आणि शेवटी ती स्मिथ यांना मिळाली नाही. १९२७ साली एका वकिलाने मासिकातून जाहीर पत्र लिहून, कॅथॉलिक व्यक्ती राज्यघटनेशी एकनिष्ठ राहू शकते काय, असा प्रश्न केला. स्मिथ यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. आपली श्रद्धा आणि पदाची शपथ यांत विरोध नसल्याचे त्यांनी आपल्या कारभाराच्या आधारे दाखविले. हे उत्तर तयार करण्यास फादर फ्रान्सिस डफी आणि जोसेफ प्रॉस्कॉअर हे यहुदी न्यायमूर्ती यांनी मदत केली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१९२८ साली ह्यूस्टन येथे पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. प्रमुख पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केलेले ते पहिले कॅथॉलिक होत. लगेच अपप्रचाराला ऊत आला. प्रॉटेस्टंटांचे विवाह रद्द ठरतील, अशी आवई उठली. हडसन नदीखालून बांधलेल्या बोगद्याचे छायाचित्र दाखवून हा व्हॅटिकनकडे जाणारा मार्ग असल्याचे सांगण्यात आले. सप्टेंबरमध्ये ते ओक्लाहोमा राज्यात गेले, तेव्हा रेल्वेमार्गालगत क्लॅनने क्रूस पेटविले. ज्या क्रुसाला आपण तारणाची खूण मानतो, तोच धाक घालण्यासाठी जाळला गेला.

२० सप्टेंबर रोजी ओक्लाहोमा सिटीतील सभेत स्मिथ यांनी या द्वेषाचा जाहीर समाचार घेतला. धर्मामुळे आपल्याला मत नाकारणे जसे अयोग्य, तसेच केवळ कॅथॉलिक म्हणून आपल्याला मत देणेही अयोग्य, असे त्यांनी स्पष्ट केले.

निवडणुकीत त्यांना सुमारे दीड कोटी मते मिळाली, परंतु निर्वाचक मतांत ४४४ विरुद्ध ८७ असा पराभव झाला. देशातील आर्थिक सुबत्ता आणि दारूबंदीला स्मिथ यांचा असलेला विरोध हीही पराभवाची कारणे होती. विजयी उमेदवार हर्बर्ट हूवर यांनी स्वतः धर्मसहिष्णुतेचा पुरस्कार केला होता, तरी स्मिथ यांच्याविरुद्धचा अपप्रचार थांबला नाही.

पुढे एम्पायर स्टेट बिल्डिंग उभारणाऱ्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले. १९३३ साली जर्मनीत यहुद्यांचा छळ सुरू झाला, तेव्हा त्याच्या निषेधासाठी ते व्यासपीठावर उभे राहिले. ४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९६० साली जॉन केनेडी निवडून आले आणि अमेरिकेला पहिला कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष लाभला.

स्मिथ यांनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि तिच्या नावाने मतेही मागितली नाहीत. आपल्याविरुद्ध द्वेष पसरविला गेला की आपल्याला वेदना होतात. इतरांच्या धर्माविरुद्ध प्रचार होतो, तेव्हाही आपल्याला तितक्याच वेदना होतात काय? मतदानाला जाण्यापूर्वी हा प्रश्न आपण प्रत्येकाने प्रभूसमोर स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते.