जगातलं पहिलं ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग कुणाचं? हिल्मा आफ क्लिंटचं नाव पुढे यायला ८० वर्षं का लागली?

साल होतं १९३५. रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्की तेव्हा पॅरिसजवळ राहत होता. त्याने न्यूयॉर्कमधल्या एका चित्रविक्रेत्याला पत्र लिहिलं आणि त्यात एक मोठा दावा केला. आपण १९११ मध्ये काढलेलं एक चित्र हे जगातलं पहिलं अमूर्त, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट चित्र आहे, असा तो दावा होता. कारण त्याआधी असं कुणी काढलंच नव्हतं.

कँडिन्स्की खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं आणि पुढे कलेच्या पुस्तकांनीही तेच छापलं.

पण त्याच वेळी स्वीडनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका बाईकडे अशी चित्रं ढिगाने पडून होती. त्यातली पहिली चित्रं १९०६ ची, म्हणजे कँडिन्स्कीच्या त्या चित्राच्या पाच वर्षं आधीची. तिचं नाव हिल्मा आफ क्लिंट.

नकाशे काढणाऱ्यांच्या घरातली मुलगी

हिल्माचा जन्म २६ ऑक्टोबर १८६२ चा, स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्नाचा. वडील नौदलात अधिकारी. तिच्या घराण्यात आधीच्या पिढीने समुद्राचे नकाशे तयार केले होते. त्यामुळे गणित, खगोलशास्त्र, दिशा, आकृत्या हे सगळं घरातच होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या मेलारेन सरोवरातल्या आदेल्सो बेटावर जायच्या. झाडं, फुलं, गोगलगायी बारकाईने बघायची सवय तिला तिथेच लागली.

१८८० मध्ये तिची धाकटी बहीण हर्मिना गेली. ती अवघी दहा वर्षांची होती. मेलेल्या माणसांशी बोलता येतं का, हा प्रश्न त्या काळी युरोपात अनेकांना पडलेला होता. हिल्मालाही त्यात रस होताच, पण बहीण गेल्यावर तो आणखी वाढला.

१८८२ मध्ये तिला स्टॉकहोमच्या रॉयल ॲकॅडमीत प्रवेश मिळाला. स्वीडनमध्ये मुलींना तिथे १८६४ पासून शिकता येत होतं. युरोपातल्या बऱ्याच देशांत तेव्हा मुलींसाठी कला अकादमीचे दरवाजे बंदच होते. १८८७ मध्ये ती उत्तम गुणांनी बाहेर पडली आणि तिला शहराच्या मध्यवस्तीत स्टुडिओ वापरायला मिळाला. निसर्गचित्रं, माणसांची पोर्ट्रेट्स आणि वनस्पतींची चित्रं काढून ती पोट भरू लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संस्थेसाठीही तिने काही काळ चित्रं काढली.

थोडक्यात काय, तर हिल्माला हुबेहूब चित्र काढता येत होतं. ते सोडायचं तिने ठरवून ठरवलं.

पाच मैत्रिणींची बैठक

१८९६ मध्ये हिल्मा आणि तिच्या चार मैत्रिणींनी एक गट केला. नाव साधं, ‘द फाइव्ह’. या पाच जणी नियमित जमायच्या, प्रार्थना करायच्या, ध्यान करायच्या आणि मग अदृश्य शक्तींकडून संदेश घेण्याचा प्रयत्न करायच्या. हातात पेन्सिल धरायची आणि हात जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचा. त्यातून रेघा, वळणं, सर्पिल आकार उमटायचे. ते सगळं त्या वह्यांमध्ये जपून ठेवायच्या.

आज हे विचित्र वाटू शकतं. पण तो काळ लक्षात घ्यायला हवा. १८९५ मध्ये राँटगेनला एक्स-रे सापडले आणि माणसाच्या हातातली हाडं फोटोत दिसली. पुढच्याच वर्षी किरणोत्सर्ग सापडला, त्याच्या पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉन. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे बरंच काही आहे, हे तर आता प्रयोगशाळाच सांगत होत्या. मग आत्माही असाच अदृश्य असेल तर? हा प्रश्न तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांनाही पडत होता.

या विचारांना मोठं व्यासपीठ दिलं थिऑसॉफिकल सोसायटीने. हीच ती संस्था, जिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले होते आणि ज्यांनी १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला मुख्यालय हलवलं. पुढे ॲनी बेझंट तिच्या अध्यक्ष झाल्या. हिल्मा स्वीडनमध्ये या सोसायटीची सभासद होती. कँडिन्स्की आणि डच चित्रकार पीट मॉन्ड्रियान यांनीही थिऑसॉफीचं लिखाण वाचलेलं होतं. म्हणजे एकमेकांपासून लांब राहणाऱ्या या चित्रकारांचं वाचन बरंचसं सारखं होतं. ॲबस्ट्रॅक्ट कला एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली नाही, ती त्या काळाच्या हवेतच होती.

जमिनीवर पसरलेले दहा भले मोठे कागद

हिल्माचा विश्वास असा होता की, तिला एका मंदिरासाठी चित्रं काढायचं काम सोपवण्यात आलंय. गटातल्या बाकीच्या जणी या कामाबद्दल साशंक होत्या. तिने मात्र होकार दिला.

नोव्हेंबर १९०६ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, तिने सुरुवात केली. पहिली मालिका २६ छोट्या चित्रांची होती. त्यात ना झाड, ना माणूस, ना घर. निळा, पिवळा, हिरवा रंग आणि त्यात फिरणारे सर्पिल आकार.

१९०७ मध्ये आली तिची सगळ्यात गाजलेली मालिका, ‘द टेन लार्जेस्ट’. दहा चित्रं आणि प्रत्येक सुमारे तीन मीटर उंच. म्हणजे आपल्या घराच्या छताला टेकेल एवढं. कागद जमिनीवर पसरून टेम्पेरा रंगांत ही चित्रं काढली गेली, तीही दोनेक महिन्यांत. या कामात तिला मैत्रिणींची मदत होती. या चित्रांत ॲना कॅसेल आणि इतरांचा वाटा किती मोठा होता, यावर आता अभ्यासकांमध्ये वाद सुरू आहे.

एप्रिल १९०८ पर्यंत १११ चित्रं झाली आणि काम थांबलं. आईची दृष्टी गेली होती, तिची काळजी घ्यायची होती. चार वर्षांनी, १९१२ मध्ये हिल्माने पुन्हा सुरुवात केली आणि १९१५ पर्यंत एकूण १९३ चित्रं पूर्ण केली.

मग ही चित्रं बघायची कशी?

ॲबस्ट्रॅक्ट चित्रासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, हे आहे काय? आपण त्यात हत्ती, घोडा, चेहरा शोधायला लागतो आणि काही सापडलं नाही की वैतागतो. हिल्माची चित्रं बघताना हा प्रश्न जरा बाजूला ठेवला तर बरंच काही हाती लागतं.

‘द टेन लार्जेस्ट’चंच बघा. विषय अगदी साधा आहे, माणसाचं आयुष्य. पहिली दोन चित्रं बालपणाची, पुढची दोन तारुण्याची, त्यानंतरची चार प्रौढपणाची आणि शेवटची दोन म्हातारपणाची. बालपणाची पार्श्वभूमी गडद निळी, तारुण्याची भगभगीत केशरी. प्रौढपणात जांभळट रंगावर मोठमोठे आकार फुलतात. म्हातारपणाकडे येताना गर्दी कमी होते, आकार नेमके आणि शांत होतात. कुठेही माणूस काढलेला नाही, पण वय वाढतं ते दिसतं.

तिच्या वह्यांमध्ये खुणांचे अर्थही लिहिलेले आहेत. निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व, हिरवा म्हणजे दोघांचं एकत्र येणं. गोगलगायीच्या शंखासारखं वळण म्हणजे वाढ, उत्क्रांती. हे माहीत असेल तर चित्र वाचता येतं. माहीत नसेल तरी तीन मीटरच्या केशरी कागदासमोर उभ्या माणसाला काहीतरी होतंच. तिच्या आत्म्यांवर विश्वास ठेवण्याची त्यासाठी गरज नाही.

२० वर्षं उघडू नका

तिने ही चित्रं कुणाला दाखवलीच नाहीत, असं सोशल मीडियावर सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. १९२८ मध्ये लंडनमधल्या एका अध्यात्मविषयक परिषदेत तिने काही चित्रं मांडली होती. पण कलाजगतासमोर ती आली नाहीत. १९१४ मध्ये मालमो शहरात मोठं बाल्टिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे कँडिन्स्कीची चित्रं होती आणि हिल्माचंही काम होतं. फक्त तिने पाठवलेलं काम नेहमीच्या, वास्तववादी शैलीतलं होतं.

१९३२ मध्ये तिने एक निर्णय वहीत नोंदवला. ठरावीक खूण केलेलं सगळं काम आपल्या मृत्यूनंतर २० वर्षांनीच उघडावं. आपल्या काळातले लोक याला तयार नाहीत, असं तिला वाटत होतं.

२१ ऑक्टोबर १९४४ रोजी, एका अपघातातल्या दुखापतींनंतर तिचं निधन झालं. ८२ वा वाढदिवस पाच दिवसांवर होता. योगायोग म्हणजे मॉन्ड्रियान आणि कँडिन्स्कीही त्याच वर्षी गेले. त्या दोघांचं नाव जगभर झालेलं होतं. हिल्माच्या मागे उरली बाराशेहून जास्त चित्रं आणि सुमारे २६ हजार पानांच्या नोंदी. हे सगळं आलं तिचा पुतण्या एरिककडे. तो नौदलातला अधिकारी होता, चित्रकलेशी त्याचा संबंध नव्हता. पण त्याने शब्द पाळला. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते सगळं उघडलं गेलं.

संग्रहालय नको म्हणालं

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९७० मध्ये ही चित्रं स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझियमला देऊ केली, तेव्हा संग्रहालयाने ती नाकारली. आत्म्यांशी बोलणाऱ्या बाईचं काम म्हणजे कला, हे तेव्हा कुणाच्या गळी उतरत नव्हतं. १९७२ मध्ये कुटुंबाने तिच्या नावाने संस्था काढली. मंदिरासाठीची ती १९३ चित्रं विकायची नाहीत, असं ठरलं. चित्रं जपली गेली, पण विकायचीच नसल्यामुळे त्यांचा गाजावाजा करणारे व्यापारीही मिळाले नाहीत.

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली. तेव्हाही ही कला नसून नुसत्या रंगीत आकृत्या आहेत, अशी टीका झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये ॲबस्ट्रॅक्ट कलेच्या जन्मावर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यातही हिल्मा नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, कधीकाळी नाही म्हणणाऱ्या मॉडर्ना म्युझियमने तिचं भव्य प्रदर्शन केलं. मग २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये तिची चित्रं लागली आणि सहा लाखांहून जास्त लोक ती बघून गेले. तोवर त्या संग्रहालयाच्या इतिहासात एवढी गर्दी कुठल्याच प्रदर्शनाला झाली नव्हती. हिल्माच्या मनातलं मंदिरही वर वर चढत जाणाऱ्या वळणाचं होतं. गुगेनहाइमची इमारत तशीच आहे.

मग पहिला नंबर कुणाचा?

तारखा बघितल्या तर हिल्मा कँडिन्स्कीच्या आधी आहे. पण तिला पहिलं यायचंच नव्हतं. ॲबस्ट्रॅक्ट कला नावाचा नवा प्रकार काढतोय, असंही ती म्हणत नव्हती. तिला जे खरं वाटत होतं आणि डोळ्यांना दिसत नव्हतं, ते कागदावर आणायचं होतं. कँडिन्स्कीने पुस्तकं लिहिली, शिकवलं, प्रदर्शनं केली, म्हणून त्याच्यामागून चित्रकारांची रांग लागली. हिल्माच्या मागून कुणी येऊ शकलं नाही, कारण ती चित्रं कुणी बघितलीच नव्हती.

म्हणून कलेच्या पुस्तकात पहिलं असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ पहिलं दिसलेलं, एवढाच घ्यायचा. हिल्माने लोकांना २० वर्षं थांबायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात १९८६ यायला ४२ वर्षं गेली. त्यातली २० तिची होती. उरलेली २२ तिने मागितली नव्हती.