रस्त्यापासून दूर नेलेले घर

अमेरिकन चित्रकर्त्री व्हर्जिनिया ली बर्टन यांचा जन्म १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. त्यांचे पहिले पुस्तक १३ प्रकाशकांनी साभार परत केले. अखेर ते त्यांनी आपल्या लहानग्या मुलालाच वाचून दाखविले. तो ते संपण्यापूर्वीच झोपी गेला! प्रकाशकांचा नकार एक वेळ पचविता येतो. हा निकाल मात्र अंतिम होता. तेव्हापासून मुले कुठे कंटाळतात ते पाहूनच त्या चित्रे नि मजकूर बेतू लागल्या.

शिल्पकार पतीसमवेत फॉली कोव्ह येथे राहताना त्यांनी आपले घर रस्त्यालगतून उचलवून मागे सफरचंदांच्या बागेत नेले. त्यातूनच ‘द लिटल हाउस’ (१९४२) स्फुरले. टेकडीवरचे घर जागचे हलत नाही. पानोपानी बदलतो तो भोवताल. रस्ते येतात, इमारती वाढतात, चांदण्या दिसेनाशा होतात. शेवटी घर बांधणाऱ्याच्या वंशातील एक स्त्री त्याला ओळखते आणि चाकांवर चढवून पुन्हा खेड्यात नेते. परप्रांतात बिऱ्हाड थाटलेल्या आम्हा मंडळींना ते पान मुलांना वाचून दाखविताना थोडे थांबावेच लागते.

या पुस्तकाला १९४३ साली कॅल्डिकॉट पदक लाभले. १९६८ मध्ये बर्टनबाई निवर्तल्या.