जॉन कॉलेट : कापड व्यापाऱ्याच्या पुत्राने उभारलेली शाळा

दानधर्म करणे एकवेळ सोपे असते; परंतु आपल्या पश्चात ते धन कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न दात्याला नेहमीच अस्वस्थ करतो. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी लंडन शहरातील एका धर्मगुरूने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याने त्या काळच्या अनेक विद्वानांना आश्चर्याचा धक्का बसला. त्या पुरुषाचे नाव जॉन कॉलेट. माझे सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेल्यामुळे या चरित्राविषयी मला विशेष आत्मीयता वाटते, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो.

कॉलेट यांचा जन्म लंडन येथे जानेवारी 1467 मध्ये झाला. त्यांचे पिता सर हेन्री कॉलेट हे ‘मर्सर’ म्हणजे रेशीम, मखमल, तलम सुती-तागी वस्त्रे यांचे मोठे व्यापारी होते. 1486 व 1495 अशा दोन वर्षी त्यांनी लंडनचे महापौरपद भूषविले. मर्सर मंडळी ही त्या शहरातील व्यापारी संघांमध्ये अग्रमानाची. इंग्लंडमध्ये मुद्रणकला आणणारे विल्यम कॅक्स्टन हेही याच संघाचे सभासद होते, हे येथे सांगण्यास हरकत नाही. वैभवाला तोटा नव्हता. परंतु घरावर दैवाची अवकृपा होती. सर हेन्री व त्यांच्या पत्नी ख्रिश्चन यांना अकरा पुत्र व अकरा कन्या अशी बावीस अपत्ये झाली. जॉन हे त्यांतील थोरले. उरलेली एकवीस भावंडे एकामागून एक निवर्तली आणि जॉन तेवढे मागे राहिले. 1505 मध्ये पित्याचेही निधन झाले. विवाह न केलेल्या या धर्मगुरूच्या हाती अशा रीतीने अपार संपत्ती आली आणि तिला वारस कोणी नव्हता.

तत्पूर्वी ऑक्सफर्ड येथे त्यांचे अध्ययन झाले होते. फ्रान्स व इटलीचा प्रवास करून ते 1496 च्या सुमारास परतले आणि ऑक्सफर्डमध्येच संत पॉल यांच्या पत्रांवर व्याख्याने देऊ लागले. जुन्या भाष्यांचा कीस काढण्याऐवजी मूळ ग्रंथाचा सरळ अर्थ सांगण्याची त्यांची पद्धत नवी होती. 1499 मध्ये सुप्रसिद्ध डच विद्वान इरास्मस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो अखेरपर्यंत टिकला. पुढे लंडनच्या सेंट पॉल महामंदिराचे ते प्रमुख, म्हणजे ‘डीन’ झाले. भोजनप्रसंगी साधेपणा, अंगावर काळा साधा झगा, धर्मगुरूंच्या लोभावर उघड टीका. असा मनुष्य वरिष्ठांना कसा रुचावा? लंडनच्या बिशपनी त्यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला. तथापि आर्चबिशप वॉरहॅम यांनी तो फेटाळला. 1513 मध्ये राजा आठवा हेन्री फ्रान्सवर स्वारीची तयारी करीत असता कॉलेट यांनी राजासमोरच युद्धाच्या विरोधात प्रवचन केले. राजाने त्यांना एकांती बोलाविले. विरोधकांना वाटले, आता यांची गच्छंती झाली. परंतु संभाषणाअंती राजाने त्यांचा सर्वांसमक्ष सन्मान करून निरोप दिला. स्वारी मात्र रद्द झाली नाही, हेही तितकेच खरे.

आता शाळेकडे वळतो. 1509 च्या सुमारास महामंदिराच्या पूर्वेकडील आवारात, पित्याच्या संपत्तीतून, कॉलेट यांनी सेंट पॉल शाळा स्थापन केली. मुलांची संख्या 153 ठरविली. बायबलमधील एका कथेत जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्या एवढीच आहे व तिच्यावरून हा आकडा घेतला गेला, अशी परंपरा आहे. कोणत्याही देशाच्या मुलाला प्रवेश खुला होता आणि शिक्षण विनामूल्य होते. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी एक ते पाच अशा वेळा होत्या. वसतिगृहाचा प्रश्नच नव्हता, मुले घरी जात. एकच प्रशस्त दालन पडद्यांनी विभागलेले असे व हवे तेव्हा पडदा सरकविता येई. कापडाचा असा सदुपयोग वाचून मला मौज वाटली.

कॉलेट यांनी स्वतः लिहिलेली नियमावली हा या चरित्रातील सर्वांत वाचनीय भाग होय. प्रवेशाच्या वेळी नाव नोंदविण्यासाठी मुलाने आयुष्यात एकदाच चार पेनी द्यावयाचे. आणि ती रक्कम शाळा झाडणाऱ्या व बाके स्वच्छ ठेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला मिळावयाची. केवढी ही दृष्टी! नोंदणीचा खर्चही झाला नाही, झाडूवाल्याचा पगारही द्यावा लागला नाही आणि एका गरजूची सोय झाली. मुख्याध्यापकाला आठवड्याला एक मार्क, म्हणजे तेरा शिलिंग चार पेनी, वेतन आणि शिवाय झग्यासाठी कापड मिळे. वर्षाचा हिशेब चौतीस पौंड तेरा शिलिंग चार पेनी होतो. त्या काळच्या शिक्षकाच्या मानाने हे वेतन घसघशीतच होते. चांगला शिक्षक हवा असेल तर हात आखडता घेऊ नये, हे व्यापाऱ्याच्या मुलाला कळत होते. पहिले मुख्याध्यापक विल्यम लिली हे ग्रीक भाषेचे उत्तम जाणकार व गृहस्थाश्रमी होते. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले लॅटिन व्याकरण पुढे इंग्लंडच्या शाळांत कित्येक पिढ्या चालले.

शाळेत चरबीच्या मेणबत्त्या आणू नयेत, खाऊ व पेय आणू नये, असे नियम होते. कोंबड्यांच्या झुंजी, ज्या त्या काळी शाळकरी मुलांचा मोठा खेळ होत्या, त्यांनाही मज्जाव होता. नियमावलीत भूतदया हे कारण दिलेले नाही. तरीही आपल्या वाचकांना हे कलम विशेष भावेल. खेळासाठी जादा सुटी द्यावयाची नाही, दिल्यास मुख्याध्यापकाला चाळीस शिलिंग दंड. अपवाद एवढाच, की राजा, आर्चबिशप किंवा बिशप स्वतः शाळेत येऊन सुटी मागत असेल तर! संस्थापक खेळाच्या बाबतीत असे कठोर. आणि त्याच शाळेचे नाव 1871 मध्ये इंग्लंडची रग्बी संघटना स्थापन करणाऱ्या एकवीस संघांत दिसते. 2018 मध्ये तर शाळेच्या आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेने हेन्लीसह शालेय नौकानयनाच्या तिन्ही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. कॉलेट यांनी दंड कोणाकोणाकडून वसूल केला असता, असा विचार मनात येतो.

मूळ प्रश्न राहिला, तो विश्वस्तांचा. कॉलेट स्वतः महामंदिराचे प्रमुख. शाळा आपल्या धर्मपीठाकडे सोपविणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती जमीन, ते उत्पन्न आणि ती शाळा मर्सर संघाच्या, म्हणजे विवाहित, संसारी कापड व्यापाऱ्यांच्या हाती दिली. माणसाचा भरवसा कोठेच पूर्ण धरता येत नाही. तरी या वर्गात भ्रष्टता त्यातल्या त्यात कमी आढळते, असा त्यांचा अनुभव होता, असे इरास्मस यांनी नमूद केले आहे. पुढील काळ कसा येईल हे ठाऊक नसल्याने नियमांत भर घालण्याचा वा घट करण्याचा अधिकारही त्यांनी या व्यापाऱ्यांना देऊन टाकला. दात्याने एवढा विश्वास टाकणे मला तरी विरळ वाटते.

घर्मज्वराच्या साथीने वारंवार खंगलेले कॉलेट 16 सप्टेंबर 1519 रोजी निवर्तले. बावीस अपत्यांना जन्म देणारी त्यांची माता त्यांच्याही मागे राहिली.

1666 च्या महाअग्निप्रलयात महामंदिर, त्यातील कॉलेट यांची समाधी आणि शाळा सर्व भस्मसात झाले. मर्सर संघाने शाळा पुन्हा बांधली. कवी मिल्टन, खगोलज्ञ हॅली, दैनंदिनीकार पीप्स हे येथलेच विद्यार्थी. 1884 मध्ये शाळा हॅमरस्मिथला गेली. शाळेच्या रग्बी संघाचे एकेकाळचे कर्णधार माँटगोमेरी यांनी 1944 मध्ये त्याच इमारतीत सेनापती म्हणून कचेरी थाटली व नॉर्मंडीच्या स्वारीची योजना तेथे 15 मे रोजी मांडली गेली. युद्धविरोधी प्रवचन करणाऱ्याच्या शाळेत हे घडावे, हा दैवाचा खेळच. कॉलेट यांच्याच निधीतून 1904 मध्ये मुलींची शाळाही निघाली. 1968 पासून मुलांची शाळा थेम्सकाठी बार्न्स येथे आहे.

आज ती इंग्लंडमधील महागड्या खाजगी शाळांत गणली जाते. चार पेनींचे दिवस केव्हाच सरले. नियम बदलण्याचा अधिकार दात्यानेच दिला होता, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करावी? मात्र 153 छात्रांची गणना अद्याप होते, आणि त्यांच्या अंगावर खूण म्हणून चांदीचा लहानसा मासा असतो.