यंत्र खोलून पाहणारा माणूस

माणसाच्या जीवनाला कोणत्या क्षणी कोणते वळण लागेल, हे कुणालाच सांगता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेला एक मुलगा पुढे लोखंडी नांगर करणारा कारखानदार झाला, आणि त्याला कारण झाले ते त्याचे डोळे! ही हकीकत आहे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची.

किर्लोस्कर हे नाव आमच्या मुखेड तालुक्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. विहिरीवरचे डिझेल इंजिन, पाण्याची मोटार, पंप यांवर ते नाव वाचतच आम्ही मोठे झालो. शाळेच्या पुस्तकाबाहेर मी वाचलेला पहिला शब्द बहुधा तोच असावा. पण त्या नावामागे एक माणूस होता, तोही खेड्यातलाच होता आणि त्याने सुरुवात कलेच्या शिक्षणापासून केली होती, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात घर करून बसला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एकाच मातीतून एक नाटककार उगवला आणि एक यंत्रकार! लहानपणी लक्ष्मणरावांचे चित्त पाठांतरात रमत नसे. त्यांना दोनच गोष्टींचा नाद, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. वडिलांची मर्जी नसतानाही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. घरच्यांच्या मनाविरुद्ध शिकायला निघालेल्या मुलाच्या पाठीशी एक मोठा भाऊ उभा राहतो, ही गोष्ट वाचताना लहान वाटते. पण तो भाऊ नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

मुंबईत काही काळ गेल्यावर एक कटू सत्य समोर आले. काही रंगांतला फरक लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. चित्रकाराला रंग कळू नयेत, म्हणजे गवयाला सूर ऐकू न येण्यासारखेच! दुसरा एखादा बिस्तरा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढायला रंग लागत नाहीत, माप आणि रेषा लागतात. ती त्यांच्या हातात होती. या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये सुरू झालेली. तिथे शिकवता शिकवता ते स्वतःच शिकू लागले. कागदावर काढलेले यंत्र प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहण्यासाठी त्यांनी कारखान्यात हात काळे करून घेतले. यंत्रविद्येवरची इंग्रजी मासिके वाचायची आणि वाचलेले हाताने करून पाहायचे, हा त्यांचा अभ्यासक्रम होता.

त्याच सुमारास सायकल नावाचे नवे वाहन जगभर गाजत होते. १८८५ नंतर साखळीने चालणारी, दोन्ही चाके सारख्या आकाराची सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आज सायकल ही गरिबाची वस्तू वाटते. त्या काळी ती श्रीमंतांची चैन होती, आणि माणसाच्या पायाच्या बळावर धावणारे तिच्याइतके वेगवान वाहन दुसरे नव्हते. लक्ष्मणरावांना तिने भुरळ घातली. १८८८ मध्ये बेळगावला किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे! त्या वर्षी लक्ष्मणरावांनी एकोणिसावे वर्ष पुरे केले. आज माझे वय तेच आहे.

सायकलच्या दुकानातून किती मोठी माणसे निघाली पाहा! अमेरिकेत राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचेच दुकान काढले आणि १९०३ मध्ये ते विमानातून आकाशात उडाले. त्याच १९०३ साली लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर तयार झाला. एकाने आकाश गाठले, दुसऱ्याने जमीन. जमीन कसणाऱ्या घरातल्या माझ्यासारख्याला यातले कोणते काम मोठे, हे पटकन सांगता येत नाही.

सायकलचे दुकानच अशा माणसांची शाळा का व्हावी? मला याचे उत्तर आमच्याच अंगणात सापडले. माझा मोठा भाऊ दहावीनंतर शेतीत राहिला. दादाने गेल्या वर्षी भंगाराच्या भावात एक यामाहा आरएक्स १०० आणली. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात आपल्या देशात तयार होत असे. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण अंगाने हलकी. त्यामुळे पळायला अशी चपळ की आमच्या भागातली पोरे आजही तिच्यावर जीव टाकतात. दादाने गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली तिचा नट नि नट सुटा केला. कोणता भाग कुठला, हे विसरू नये म्हणून जुन्या वहीत आकृत्या काढून ठेवल्या. कार्बोरेटर पेट्रोलने धुतला. सिलिंडर आतून झिजून ओबडधोबड झाला होता. तो लातूरला नेऊन बोअर करून आणला आणि नव्या मापाचा मोठा पिस्टन बसवला. वायरिंग सगळी नवी घातली. एवढ्यावर न थांबता त्याने पुढचा ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवला. जुन्या इंजिनाला पुन्हा वेग आला तर तो आवरणारा ब्रेकही तसाच हवा, हा त्याचा हिशेब. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा भागही तपासावा लागतो, हे मला त्या पत्र्याखाली समजले.

चालू यंत्र वापरणे आणि बंद पडलेले यंत्र खोलणे यांत फार अंतर आहे. चालू यंत्र माणसाला काहीच सांगत नाही. बिघडलेले यंत्र मात्र प्रत्येक झिजलेल्या दातातून, प्रत्येक सैल बोल्टातून बोलते. लक्ष्मणराव परदेशी यंत्रे खोलत राहिले, जोडत राहिले आणि त्यांची भाषा शिकले.

मुंबईच्या नोकरीत त्यांची बढतीची पाळी आली, तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. गुण पाहून नव्हे, कातडी पाहून हा न्याय झाला होता. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि ते बेळगावला परतले. तिथे लहानशा कारखान्यात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. आमच्याकडे जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला तर निम्मा पायाखाली जातो. तो बारीक कापून घातला की तेवढ्याच कडब्यात अधिक दिवस निभतात. दुष्काळी भागातल्या माणसाला या यंत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मग नांगर आला. आपला जुना लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, माती पालथी करतो आणि हराळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पाडतो. विलायती नांगर तेव्हा होते; पण आपली जमीन, आपले बैल आणि आपल्या शेतकऱ्याची ऐपत यांचा विचार करून घडवलेला नांगर हवा होता. लक्ष्मणरावांनी तो घडवला. परंतु गिऱ्हाईक मिळेना! लोखंड लागले की जमिनीला विष चढते, अशी समजूत लोकांत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा विचार मी पुष्कळदा करतो. वस्तू चांगली आहे हे करणाऱ्याला माहीत आहे, पण घ्यायला कुणी येत नाही. रोज सकाळी कारखान्याचे दार उघडायचे आणि न विकलेल्या नांगरांकडे पाहायचे. शेतकऱ्याला हसणेही मला जमत नाही. ज्याचे सारे घर एका पावसावर आणि एका जमिनीवर उभे आहे, तो नव्या वस्तूला भिणारच. त्याची भीती पुस्तकातल्या युक्तिवादाने जात नाही. शेजारच्या रानात पीक डोलताना दिसले की जाते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. या संकटात औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे राज्य! १९१० मध्ये लक्ष्मणराव थोडीशी माणसे घेऊन तिथे उतरले. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंभोराव जांभेकर यंत्रांकडे पाहत, मंगेशराव रेगे कारभार पाहत आणि रामूअण्णा वसाहतीची काळजी वाहत. तुरुंगातून सुटून आलेल्या, समाजाने टाकलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले आणि त्यांच्याच हाती राखणदारी सोपवली. मोडके यंत्र फेकून न देणारा हा माणूस मोडलेला माणूसही फेकून देत नव्हता. त्यांच्या साऱ्या चरित्रात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आटले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, अशी हकीकत सांगतात. माणसे मारण्यासाठी ओतलेला धातू माणसे जगवण्यासाठी पुन्हा ओतला गेला! जुन्याचे नवे करण्याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असे अनेक प्रकार वाडीत होऊ लागले. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटावे असे एक काम त्याच वर्षी तिथे सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचे नियतकालिक काढले. तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचले गेले. त्यानंतर १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. जिथे नांगराचे फाळ ओतले जात, तिथेच मराठी कथा आणि लेख छापले जात होते. भट्टी आणि लेखणी एकाच आवारात सुखाने नांदत होत्या.

१९४८ च्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याचे फार नुकसान झाले. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर उभे केलेले आगीत जाताना म्हातारपणी पाहणे म्हणजे काय, याची कल्पनाही करवत नाही. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, पुन्हा चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मित्रहो, हे चरित्र मी एका कारणासाठी निवडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पाहुणे आले की वडील अभिमानाने मला पुढे करतात, शिकलेला मुलगा म्हणून. तेव्हा दादा काळे हात धोतराच्या फडक्याला पुसत मागे सरकतो. मला तिथे अवघडल्यासारखे होते. मी पुस्तकातून जे शिकतो त्याची परीक्षा मार्चमध्ये होते. दादाच्या विद्येची परीक्षा किक मारताच होते, आणि तिथे कुणी वाढीव गुण देत नाही! उलट कुणी मला विचारतात की आर्ट्सला जाऊन काय मिळवणार? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समज आहे, की डोके एका घरचे आणि हात दुसऱ्या घरचे.

लक्ष्मणरावांनी ही वाटणी कधी मानली नाही. चित्रशाळेत शिकलेली रेषा त्यांनी नांगराच्या फाळावर उतरवली. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असा एखादा भाऊ, काका किंवा मामा आहे, ज्याच्या बोटांत ज्ञान आहे पण ते लिहून ठेवणारे कुणी नाही! त्याच्याजवळ वही घेऊन बसावे, तो काय करतो ते विचारावे, लिहावे आणि आपण वाचलेले त्याला सांगावे. बी.ए.च्या विद्यार्थ्याला हे काम खात्रीने करता येईल, आणि त्याला कुठल्या राजाच्या कर्जाची गरज नाही.