थकलेला वैमानिक आणि केनेथ क्रेक

१९४० साली केंब्रिज विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एक विमान उभे होते. खरे म्हणजे विमान नव्हते, स्पिटफायर या लढाऊ विमानाची फक्त वैमानिक बसतो ती जागा होती. दांडा ओढला, पायाखालची पट्टी दाबली की समोरच्या तबकड्यांवरचे काटे खऱ्या विमानात हलावेत तसे हलत. मात्र बाहेर आकाश नव्हते आणि पडण्याचा धोकाही नव्हता. तबकड्या आणि दांडे यांची ही आतली जोडणी केली होती केनेथ क्रेक या २६ वर्षांच्या तरुणाने. त्याची पहिली पदवी इंजिनीअरिंगची नव्हती, तत्त्वज्ञानाची होती.

क्रेक यांचा जन्म २९ मार्च १९१४ रोजी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या लीथ या बंदराच्या गावी झाला. वडील वकील. शाळा आणि पदवीचे शिक्षण एडिंबरोतच झाले. तत्त्वज्ञानात त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली, पण हात कायम छोटी छोटी यंत्रे घडवण्यात गुंतलेले असत. मन म्हणजे काय, या प्रश्नावर नुसता वाद घालण्यापेक्षा मोजमाप करून पाहावे असे त्यांना वाटू लागले आणि १९३६ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आले. तेथे स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले प्रा. फ्रेडरिक बार्टलेट त्यांना गुरू म्हणून लाभले. माणूस आणि यंत्र यांच्या नात्यावर पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय तेव्हा कुठेही नव्हती. आज आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत या विषयाच्या शाखा शिकवल्या जातात. क्रेक यांना मात्र आपला विषय आपणच बांधावा लागला.

सुरुवात डोळ्यापासून झाली. प्रखर उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा कसा जुळवून घेतो, हा त्यांच्या पीएचडीच्या कामाचा गाभा होता. झगझगीत दिवा पाहून डोळे मिटले तरी त्याची आकृती काही वेळ समोर तरंगत राहते. ती डोळ्यात तयार होते की मेंदूत? क्रेक यांनी उत्तर शोधले ते स्वतःच्या डोळ्यावर. बुबुळ दाबून धरले की दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही सेकंदांत त्या डोळ्याला दिसेनासे होते. अशा आंधळ्या झालेल्या डोळ्यासमोर त्यांनी दिवा धरला. काहीच दिसले नाही. दाब काढला, दृष्टी परतली आणि न दिसलेल्या दिव्याची आकृती समोर तरंगू लागली. म्हणजे ती दृष्टिपटलावरच उमटली होती. हा निष्कर्ष १९४० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते सूर्याकडेही टक लावून पाहत राहिले, दृष्टिपटलाचा छोटा भाग भाजून घेतला आणि त्याचे परिणाम नोंदवत बसले. हे दोन्ही प्रयोग कोणीही घरी करू नयेत. क्रेक यांनीही ते केले नसते तर बरे झाले असते.

युद्ध सुरू झाले आणि हवाई दलाला एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर हवे झाले. धडधाकट, उत्तम प्रशिक्षण घेतलेले वैमानिक तासन्‌तास उड्डाण करून परतताना अगदी साध्या चुका का करतात? थकवा म्हणजे स्नायूंचा थकवा, अशी तोवरची समजूत होती. वजन उचलून उचलून हात गळतो तसा. पण वैमानिकाचे हात फारसे दमत नव्हते. केंब्रिजमधली ती खोटी वैमानिक-कक्षा याच प्रश्नासाठी उभी राहिली. प्रत्यक्ष प्रयोग बार्टलेट यांच्या विभागातल्या सहकाऱ्यांनी केले. हवाई दलाचे वैमानिक आत येऊन बसत आणि उंची, वेग, दिशा सांभाळत दीर्घकाळ ‘उडत’ राहत.

जे दिसले ते अनपेक्षित होते. थकलेला माणूस हळू होत नव्हता, त्याचे काम विस्कटत होते. योग्य हालचाल चुकीच्या वेळी होई. आधी सगळ्या तबकड्या मिळून त्याला एकच चित्र दिसत असे. आता तो एकेका काट्याच्या मागे सुटा सुटा धावू लागे. कडेच्या गोष्टी, उदाहरणार्थ इंधनाची तबकडी, नजरेतून सुटत. चिडचिड वाढे आणि दोष यंत्राच्या माथी मारला जाई. सर्वांत घातक भाग म्हणजे आपले काम बिघडले आहे हे वैमानिकाला कळतच नसे. ‘चालेल’ म्हणण्याची त्याची रेषा नकळत खाली सरकलेली असे आणि आपण आधीपेक्षा बरे उडवतो आहोत असे त्याला वाटे. आता संपत आले, एवढे कळले की चुका एकदम वाढत. रात्रभर एसटी चालवून गावाच्या वेशीवर आलेल्या चालकाला हे वेगळे सांगायला नको.

या प्रयोगांनंतर चुकणाऱ्या माणसाला नुसते निष्काळजी ठरवणे अवघड झाले. चूक कोणत्या रचनेत आणि कितव्या तासाला घडते, हे मोजता येत होते. आणि जे मोजता येते ते बदलताही येते.

क्रेक यांचे पुढचे काम विमानविरोधी तोफांच्या आणि तशाच इतर नियंत्रणांच्या दांड्यांवर होते. सरकत्या लक्ष्यावर काटा धरून ठेवणारा माणूस सलग दुरुस्ती करतो असे दिसते. नोंदी तपासल्यावर मात्र क्रेक यांना कळले की तो तुकड्यातुकड्यांनी, साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक दुरुस्ती करतो. एकदा सुटलेली हालचाल पूर्ण होईपर्यंत तिला मध्येच वळवता येत नाही. त्यात यंत्रानेही उशिरा प्रतिसाद दिला तर माणूस गरजेपेक्षा जास्त फिरवतो, मग उलटा फिरवतो. गिझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी उशिरा येते, तोवर आपण तो आणखी उघडलेला असतो आणि मग चटका बसतो. तसेच हे. तोफेपुढे बसलेल्या सैनिकाचे कौशल्य वाढवण्यापेक्षा दांड्याची रचना बदलणे कधी कधी स्वस्त पडते, हे त्यातून निघाले.

१९४३ मध्ये त्यांचे ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ हे लहानसे पुस्तक आले. माणूस आपल्या डोक्यात बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि कृती करण्याआधी ती त्या प्रतिकृतीवर चालवून पाहतो, ही त्यातली मुख्य कल्पना. उदाहरण म्हणून त्यांनी लॉर्ड केल्विन यांच्या भरती-ओहोटी वर्तवणाऱ्या यंत्राचा उल्लेख केला होता. चाके आणि कप्प्यांचे ते यंत्र समुद्रासारखे दिसत नाही, पण समुद्राप्रमाणे चालते. हिंदुस्थानातील बंदरांसाठीही एकोणिसाव्या शतकात असेच यंत्र बनवले गेले होते.

ही कल्पना पुढे स्वयंचलित यंत्रांच्या अभ्यासात पायाच्या दगडासारखी बसली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे नवेकोरे एअरबस ए-३२० विमान बंगळूरच्या धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि १४६ पैकी ९२ जण दगावले. विमान अशा स्थितीत उतरत होते की इंजिने जवळपास निष्क्रिय होती. वेग घटत गेला आणि हे वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता. यंत्र करत होते एक आणि वैमानिकांच्या डोक्यातल्या प्रतिकृतीत चालले होते दुसरे. यंत्राचा स्वयंचलितपणा जितका वाढतो, तितके त्याच्या पोटात काय चालले आहे हे बाहेरून दिसेनासे होते.

१९४४ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केंब्रिजमध्ये उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला आणि त्याचे पहिले संचालक म्हणून क्रेक यांची नेमणूक केली. वय होते ३०. तो विभाग त्यांना जेमतेम वर्षभर लाभला. ७ मे १९४५ रोजी, युरोपातल्या विजयदिनाच्या आदल्या दिवशी, ते केंब्रिजच्या किंग्ज परेड रस्त्याने सायकलवरून चालले होते. एका मोटारीचे दार अचानक उघडले, ते सायकलवरून फेकले गेले आणि एका लॉरीखाली सापडले. या अपघातातून ते वाचले नाहीत. दार उघडण्यापूर्वी मागे न पाहणे ही चूक आपल्याकडच्या रस्त्यांवर आजही रोज घडते.

माणसाच्या नियंत्रण-क्षमतेवरचे त्यांचे दोन लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९४७ आणि १९४८ मध्ये छापले गेले. विभाग बार्टलेट यांनी सांभाळला. तिथेच नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित कधी एका उडीत दोन टप्पे ओलांडे. ती दुहेरी उडी टिपायची, एवढेच काम. रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसासारखे दोन तास बसायला लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या नजरेतून निसटू लागल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली, तेव्हा ही घसरण थांबली.