पारनेरचे सेनापती आणि माझा अर्ज

प्रज्ञाशोध परीक्षेचा अर्ज आपण काही जणांनी भरला होता, आठवतं? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी आणि अण्णा तीनदा कचेरीत गेलो. त्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितलं, की शिष्यवृत्तीवर थेट विलायतेला गेलेला एक मुलगा आपल्या पारनेरचाच. सेनापती बापट. तोवर माझ्या लेखी ते म्हणजे जयंतीला हार घातलेला फोटो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, परिस्थिती बेताची. नगरहून मॅट्रिक होताना त्यांनी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली, म्हणजे संस्कृतात भल्याभल्यांना मागे टाकलं. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, 1903 साली बी. ए. आणि लगेच मुंबई विद्यापीठाची मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती. 1904 साली हा मुलगा एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. पारनेरहून नगरला जाणं हाच तेव्हा प्रवास होता, हे लक्षात घ्या.

एक गोष्ट मात्र अर्जात नसणार. कॉलेजात असतानाच त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य देण्याची शपथ घेतली होती. ती मनात ठेवूनच ते बोटीत चढले. एडिंबरोत मन लावून शिकले, नेमबाजीही शिकले आणि एका सभेत हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावर निबंध वाचला. जे वाटत होतं ते सगळं त्यात मांडलं. शिष्यवृत्ती गेली. परक्या देशात, थंडीत, पदवी हातात नसताना.

वर्गात हे ऐकून मला पहिल्यांदा रागच आला होता. एवढी मिळालेली शिष्यवृत्ती! दोन वर्षं कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?

पुढचं आपण पुस्तकात वाचलंच आहे. लंडनचं इंडिया हाऊस, सावरकर, पॅरिसला जाऊन शिकलेली बॉम्बची विद्या, 1908 साली ती घेऊन परत येणं, मग अज्ञातवास, 1912 ला इंदूरला अटक. मला जास्त जवळचं वाटतं ते त्यानंतरचं. सुटून पारनेरला आल्यावर या विलायत पाहिलेल्या माणसाने हातात झाडू घेतला आणि गावातले रस्ते झाडले. लोक हसले असतील. आपणही हसलो असतो, खोटं कशाला बोला.

1921 साली मुळशीला टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. सेनापती हे नाव तिथलं. शेवटी त्यांनी शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. पुढे 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात झेंडा त्यांच्या हस्ते फडकला. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या लढ्यांतही हा म्हातारा पुढेच. 28 नोव्हेंबर 1967 ला ते गेले.

आता माझं. एम. एस्सी. नंतर मी परदेशातल्या फेलोशिपसाठी अर्ज केला. विषय मृदाशास्त्र. कशासाठी शिकायचंय हे दोन पानांत लिहायचं होतं. कॉलेजात असताना मी धरणग्रस्तांच्या मोर्चात गेले होते, त्यांच्या नव्या जमिनी किती निकस आहेत हे तिथेच पाहिलं होतं आणि मृदाशास्त्र त्यामुळेच घेतलं होतं. तो परिच्छेद मी लिहिला. अनुभवी माणसाने सल्ला दिला, काढ, उगाच वाद नको. मी काढला. फेलोशिप मिळाली. त्या मुलाखतीत मी काय सांगितलं ते आता नीट आठवतही नाही, इतकं ते गुळगुळीत होतं.

बापटांनीही अर्जात शपथ लिहिली नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत राहिले. पण ते तिथे पोचल्यावर बोलले. मी चार वर्षं तिथे होते, तरी त्या जमिनींबद्दल एकदाही बोलले नाही. त्यांच्या मातीचे नमुने मी परत आल्यावर सहा वर्षांनी तपासले, तेही एका ओळखीच्या शेतकऱ्याने आठवण केली म्हणून.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलंय, की दहावी-बारावीच्या मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला कोणी मदत करेल का. मेळाव्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी ग्रंथालयात बसणार आहे. दाखले, झेरॉक्स, सह्या हे मी बघेन. कशासाठी शिकायचंय ते पान मात्र मुलांनी स्वतः लिहून आणायचं, आणि त्यातलं मी काही खोडणार नाही. आपल्यापैकी कोणी सोबत येत असेल तर सांगा, दोन खुर्च्या जास्त मागून ठेवते.